बाजार उघडायच्या वेळी

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. पुढे मग गुन्हेगार किती हुशार होता आणि साहेब त्याच्याहून किती हुशार निघाले, ते येतं. मला ही घटना आठवते ती वेगळ्या कारणानं. तिच्यात सगळ्यात उशिरा शहाणा झालेला माणूस मीच होतो. हे लिहू नका, उगाच खात्याची शोभा होते, असं दोन जुन्या सहकाऱ्यांनी मला सुचवलं. म्हणून तर लिहायला बसलो आहे.

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आमच्या हद्दीत एक जुना बाजार होता. त्याचं नाव सांगणार नाही, पण असे बाजार ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र लगेच समोर येईल. लोखंडी खांब, वर मंगलोरी कौलं, छपराच्या पोटात हवेसाठी लाकडी झडपा, खाली उतरते दगडी ओटे आणि प्रत्येक ओट्यावर नंबराची पट्टी. एका अंगाला मासळी, दुसऱ्या अंगाला भाजी आणि नारळ. पुढच्या दाराच्या आत, हात उंच केला तर जेमतेम पोचेल अशी एक पितळी घंटा. बाजार उघडताना सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता ती वाजायची. दुपारी एकला ओटे धुऊन बायका घरी जात, मग पाचपर्यंत आत मांजरांचं राज्य.

एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता घंटा वाजली नाही, कारण घंटाच जागेवर नव्हती. सहा वाजता बाजार समितीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, फिर्याद घरूनच टाइप करून आणलेली. चोरीची फिर्याद टाइप करून आणणारा माणूस मी नोकरीत क्वचितच पाहिला. लोक धापा टाकत येतात, आधी पाणी मागतात. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं, कारण ठाणे अंमलदाराचा अर्धा तास वाचला.

फिर्यादीत म्हटलं होतं की, बाजार बंद असताना दुपारी तीन ते साडेचार एक तरुणी पंधरा-वीस लोकांना घेऊन आत फिरत होती. ही तरुणी मला ऐकून माहीत होती. शहरातले जुने बाजार पायी हिंडून दाखवणं हे तिचं काम. तिच्या फेऱ्यांना डॉक्टर येत, कॉलेजची मुलं येत, पेन्शनर येत. फिर्याद लिहून होते न होते तोच ठाण्यात एक फोन आला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "बाजारासमोरच्या हॉटेलात ती पोरगी चहा पितेय. तिची बॅग बघा."

बीटवरचे कर्मचारी गेले. दोन पंचांसमक्ष बॅग उघडली. आत पाण्याची बाटली, टोपी, वही आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पितळी लोलक निघाला. लोलक म्हणजे घंटेच्या पोटात लोंबतो तो गोळा, ज्याच्या टोल्यानं घंटा वाजते. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'चोरीस गेलेल्या घंटेचा लोलक.' घंटा मोठी, बॅगेत मावणारी नाही, म्हणजे ती साथीदारामार्फत हलवली असणार, असा निष्कर्ष मी खुर्चीत बसल्या बसल्या काढला. तिला तिच्या सगळ्या पाहुण्यांदेखत ठाण्यात आणलं.

वय सत्तावीस-अठ्ठावीस. खांद्यापर्यंत केस, पायात चालून झिजलेले बूट. संध्याकाळ झालेली, त्यामुळे महिला उपनिरीक्षकासमोर प्राथमिक चौकशी करायची आणि नोटीस देऊन घरी सोडायचं, असं ठरवलं. घंटेबद्दल दोन-चार प्रश्न झाले, मग मी नाव विचारलं, पत्ता विचारला. परळची चाळ. वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून निवृत्त झालेले.

"घरात कुणावर केस वगैरे?" मी विचारलं.

 ती म्हणाली, "नाव सांगेपर्यंत तुम्ही मला घंटेबद्दल विचारत होतात, साहेब. आडनाव ऐकलंत आणि प्रश्न बदलला."

 महिला उपनिरीक्षकानं कागदांत मान घातली. मी लालबागच्या चाळीत वाढलेला, कोकणातला माणूस. आमच्या गिरणगावात सगळ्यांनी एका नळावर पाणी भरलं, असं मी भाषणात सांगत असे. त्यामुळे तिचं बोलणं मला झोंबलं. झोंबलं ते खरं होतं म्हणून, हे मला तेव्हा कबूल करता आलं नाही. मी आवाज चढवला आणि लोलक टेबलावर आपटला.

"हा तुझ्या बॅगेत कसा आला?"

"बॅग मी सेक्रेटरींच्या ऑफिसात ठेवली होती. तेच म्हणाले, ठेवा, ओझं कशाला वागवता. आणि आज पहिल्यांदाच त्यांनी आम्हाला बाजूच्या दारानं आत घेतलं. पुढच्या दाराकडे धुणं चाललंय म्हणाले."

"म्हणजे लोलक त्यांनी टाकला?"

"ते तुम्ही शोधा. पण हा त्या घंटेचा नाही."

"कशावरून?"

"मी सांगितलं तर तुम्ही लिहिणार, आरोपीनं असं असं सांगितलं. त्याला काय किंमत? तुम्ही स्वतः बाजारात जा. बाजार उघडायच्या वेळी. चालत जा, गाडीनं नको. गाडी बघितली की बायका गप्प होतात."

तीस-बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तपास कसा करायचा, हे कालची पोर शिकवते आहे! स्टेशन डायरीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सदर महिला उद्धट असून उडवाउडवीची उत्तरे देते.' हे वाक्य पुढे मला फार महाग पडलं.

सोमवारी सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी चेहऱ्यावर दया होती. मुलीचं वय लहान, उगाच आयुष्याचं नुकसान नको, म्हणाले. त्यांनी एक पत्र आणलं होतं. 'माझ्याकडून अनवधानाने घंटेचा भाग नेला गेला. यापुढे मी कोणासही घेऊन या बाजारात प्रवेश करणार नाही.' एवढ्यावर तिनं सही करायची, मग समिती प्रकरण ताणणार नव्हती. त्याच दुपारी वरून एका साहेबांचा फोन आला. "घंटेसाठी किती कागद काळे करणार? समजूतदारपणे घ्या."

मी तिला बोलावलं. सोबत वडील आले होते. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशाला पेन. मला खरंच वाटत होतं की मी तिच्यावर उपकार करतो आहे. कारण तोवर मला कळलं होतं की, एका सरकारी संग्रहालयात तिची निवड झालेली आहे आणि फक्त पोलीस पडताळणी बाकी आहे. पडताळणीचा अर्ज आमच्याच ठाण्यात येणार होता. चोरीच्या गुन्ह्यात नाव राहिलं तर ती नोकरी गेली. त्यांच्या सगळ्या चाळीत सरकारी संग्रहालयात बसणारी ती पहिली असती.

"सही कर आणि मोकळी हो," मी म्हणालो. "नोकरी वाचेल."

तिनं पत्र दोनदा वाचलं. मग वडिलांकडे दिलं. त्यांनीही खिशातला चष्मा काढून सावकाश वाचलं आणि तिला परत केलं. 

"माझ्या आजोबांनी न वाचता अंगठे दिले, साहेब," ती म्हणाली. "आमच्या घरात तेवढे पुरे झाले. मी वाचलंय, आणि मी सही करणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. सही केली की मी चोर ठरते आणि बाजारही जातो. त्यांना घंटा नकोच आहे. त्यांना मी आत यायला नको आहे."

मग तिनं जे सांगितलं ते मी अर्ध्या कानानं ऐकलं. बाजार धोकादायक ठरवून रिकामा करायचं चाललं होतं. विक्रेत्या बायकांना 'तात्पुरतं' वडाळ्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं, आणि हे 'तात्पुरतं' किती काळ चालतं ते मुंबईत कुणाला सांगायला नको. पण तिच्या एका फेरीला एक म्हातारे इंजिनिअर आले होते. त्यांनी खांबांवर टकटक करून, गंज खरवडून पाहून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर सांगितलं की, हे खांब आणखी दोन पिढ्या हलत नाहीत. तो व्हिडिओ बाजारभर फिरला होता. दर रविवारी नवे लोक येत होते, वर बघत होते, फोटो काढत होते. सेक्रेटरींना ते नडत होतं.

मी तीन दिवसांची मुदत दिली. गुरुवारी या, म्हणालो. दोघं निघून गेल्यावर आमचा जुना हवालदार टेबलाशी आला. मालवणचा माणूस, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्यामुळे मला जे कुणी सांगत नसे ते सांगायचा.

"सायबानू, ह्यां चेडू खोटा बोलणा नाय."

"ही पोरगी? तुला काय माहीत?"

"खोटा बोलणारो माणूस सही करून सुटता. ह्यां बसलाहा."

पोलिसांच्या कुठल्याही पुस्तकात नसलेलं हे वाक्य मी नंतर नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मात्र मी हवालदारालाच झापलं. पण झोप काही नीट लागली नाही. मंगळवारी दुपारी त्याला म्हटलं, चल, घंटा शोधू. जुनं पितळ विकणाऱ्यांकडे माणसं आधीच पाठवली होती, हाती काही लागलं नव्हतं. म्हटलं, एका बाजारातून चोरलेली घंटा दुसऱ्या बाजारात खपवली असेल. खरं सांगायचं तर मला तिला खोटं पाडायचं होतं. साधे कपडे घातले आणि चालत निघालो.

गिरगावात फणसवाडीच्या आसपास हिंडून सुरुवात केली आणि तिथून उत्तरेकडे सरकत गेलो. आयुष्य या रस्त्यांवर गेलं, पण बंदोबस्त सोडून मी जुन्या बाजारांत कधी शिरलोच नव्हतो. शिरलो तरी नजर खाली. चिखल, पाकीटमार, फळकुटावर झोपलेला हमाल. पोलिसाची नजर कमरेच्या उंचीवर चालते, कारण हात तिथे असतात. पहिल्याच बाजारात एका नारळवाल्याला विचारलं की, बाजार दाखवत फिरणारी एक मुलगी माहीत आहे का.

"ती वर बघणारी?" तो हसला. "तिच्यामुळे आम्हाला कळलं आमच्या डोक्यावर काय आहे ते. ती बघा, खांबाच्या टोकाला लोखंडी पानं आहेत. चाळीस वर्षं इथे नारळ सोलतोय, कधी दिसली नव्हती."

मी वर पाहिलं. खरंच पानं होती. कुणा कारागिरानं प्रत्येक पानाची शीरसुद्धा काढली होती. हवालदार तोंड उघडं टाकून बघत बसला आणि एका बाईच्या कोथिंबिरीत पाय देऊन शिव्या खाऊन आला.

तिसऱ्या बाजारात, परळच्या बाजूला, घंटा दिसली. ती आमची नव्हती, मोजमाप वेगळं होतं. पण पोटात लोलक होता आणि त्याला सुंभाची दोरी खालपर्यंत आलेली. मी सहज ओढली. घंटा अशी खणाणली की माझंच काळीज हललं. क्षणात हाहाकार. भाजीवाल्यांनी टोपल्या झाकायला सुरुवात केली, एकानं शटर अर्धं खाली घेतलं, हमाल उठून बसला. बाजार बंदची घंटा झाली असं सगळ्यांना वाटलं.

"कोण रे तो?" एक बाई कमरेवर हात ठेवून समोर आली. "दिसली दोरी की ओढली! पोरं ओढतात, दारुडे ओढतात, आता म्हातारेही ओढायला लागले!"

मी पोलीस आहे हे सांगायची हिंमत झाली नाही. हवालदार खांबामागे जाऊन हसत होता. त्या बाईचं बोलणं मात्र डोक्यात राहिलं.

बुधवारी सकाळी पावणेसातला आमच्या बाजारापाशी उभा राहिलो. चालत गेलो होतो, एकटाच. मासळीच्या टोपल्या टेम्पोतून उतरत होत्या. बायकांनी ओट्यांवर पाणी मारलं, बर्फ फोडला, तराजू टांगले. पुढच्या दारालगतचा पहिला ओटा एका कोळी मावशीचा. साठी उलटलेली, हातात हिरवा चुडा, आवाज अख्ख्या बाजाराला पुरेल असा. सात वाजले तशी तिनं तराजूतलं एक किलोचं लोखंडी वजन उचललं, दारापाशी गेली आणि खांबावर तीन टोले हाणले. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. सगळ्या ओट्यांवरचे हात एकदम कामाला लागले.

मी जवळ गेलो. "मावशी, वजन कशाला आपटता खांबावर?"

"घंटा नाय ना आमची. चोरली कुनी मेल्यानं. मंग बाजार उघडायचा कसा?"

"घंटा होती तेव्हा कशानं वाजवत होता?"

तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "कशानं म्हंजे? ह्यानंच. वजनानं."

"आणि आतला लोलक?"

"तिला लोलक कुटं हुता? माझ्या सासूच्या टायमाला तुटला तो. सासूनं वजनानं वाजवली, आता मी वाजवते. पयल्या ओट्याचा मान हाय तो."

बाजारात उभा होतो, पण पायाखालचा ओला दगड सरकला असं वाटलं. आमच्या ठाण्यात, लाखेचं सील केलेल्या पाकिटात, पंचांच्या सह्यांनिशी, एका अशा घंटेचा लोलक ठेवला होता जिला कित्येक वर्षांत लोलकच नव्हता.

"मावशी, आम्ही एका मुलीला पकडलंय. हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंत कुटं?" तिचा आवाज चढला. शेजारच्या दोघी उठून आल्या. "रइवारी तुमचे पोलीस आले, सेक्रेटरीच्या हाफिसात चा प्याले नि गेले. आमच्याकडं कोन आला? त्या पोरीला तुमी चालवत नेली, आमी बगत हुतो. आमी वरडलो, ती अशी नाय म्हनून. तुमचा शिपाय म्हनाला, मावशी, मासे इका."

मी मान खाली घातली. मग तिनंच पुढचं सांगितलं. रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला ती ओटा धुवायला मागे राहिली होती. दोन माणसं शिडी घेऊन आली. छप्पर तपासायला आलो, म्हणाली. मावशी घरी निघाली तेव्हा घंटा जागेवर होती आणि ती माणसं आतच होती. बाजाराच्या दुरुस्तीचं काम घेणाऱ्या ठेकेदाराची माणसं ती, बायका त्यांना तोंडानं ओळखत होत्या. तिथेच एका टोपलीवर कागद ठेवून मी तिचा जबाब लिहून घेतला. तिनं तो शेजारणीकडून वाचून घेतला आणि मगच सही केली. कागदाला बोंबलांचा वास लागला. तो वास कोर्टापर्यंत गेला, याचं मला आजही समाधान वाटतं.

तिथूनच मुलीला फोन केला. म्हटलं, घंटेचे फोटो आहेत का? तिनं काही न विचारता पाच मिनिटांत पाठवले. वेगवेगळ्या रविवारचे, खालून वर काढलेले. घंटेचं पोट रिकामं आणि मध्ये एक तुटका आकडा. वर बघायची सवय असलेल्या माणसाकडे पुरावा आयता असतो.

गुरुवारी सकाळी सेक्रेटरींना बोलावलं. चहा मागवला. गुन्हेगाराला चहा पाजावा, तो सैल होतो. गप्पांच्या ओघात विचारलं, "सकाळची घंटा वाजवतं कोण हो?"

"पहिल्या ओट्यावरची कोळीण."

"कशी?"

"कशी म्हणजे? दोरी ओढून."

"दोरी कशाला बांधली होती?"

"लोलकाला." त्यांनी हवेत हात खाली ओढून दाखवला. "असं. तीनदा. मी रोज ऐकतो ना."

खरं बोलणारा माणूस थोडक्यात सांगतो. खोटं बोलणारा दोरीसकट सांगतो. "दोरीसुद्धा चोरीला गेली असेल मग," मी म्हणालो. "तुमच्या फिर्यादीत ती लिहायची राहिली."

"हो, हो. ते टायपिंगमध्ये राहिलं."

मी फोटो एकेक करून टेबलावर मांडले. शेवटी मावशीचा जबाब ठेवला. त्यांनी तो हातात घेतला आणि नाकापासून जरा लांब धरला. इतकी वर्षं सेक्रेटरी होते, पण बाजार उघडायच्या वेळी ते एकदाही तिथे गेले नव्हते. घंटेचा आवाज त्यांनी समोरच्या इमारतीतल्या घरी, अंथरुणात पडून ऐकला होता. कपातला चहा तसाच राहिला.

ठेकेदाराच्या दोन माणसांना दुपारपर्यंत आणलं. त्यातल्या एकानं सगळं सांगितलं, आणि फार वैतागून सांगितलं. त्यांना हुकूम होता की घंटा काढून माझगावच्या गोदामात ठेवा आणि आतला लोलक सेक्रेटरींना आणून द्या. शिडीवर चढून बघतात तो आत लोलक नाही.

"मग सांगायचं ना त्यांना, नाही म्हणून," मी म्हणालो.

"साहेब, त्यांना नाही म्हटलेलं चालत नाही. मागितला, तर द्यायला पाहिजे. गोदामात भंगार पडलेलं, त्यातला एक उचलला, पेपरात गुंडाळला, दिला. त्यांनी उघडूनही बघितला नाही."

मला हसू येईना. कारण माझ्याही ठाण्यात तेच झालं होतं. साहेबांना चोर पाहिजे होता, पोरांनी आणून दिला. साहेबांनी उघडून बघितलं नाही.

त्याच दिवशी पंचनामा करून माझगावच्या गोदामातून घंटा हस्तगत केली. संध्याकाळी वरच्या साहेबांचा पुन्हा फोन. सेक्रेटरी मोठ्या लोकांत ऊठबस असलेले आहेत, जरा सौम्य घ्या. मी म्हटलं, "साहेब, लेखी आदेश द्या, डायरीला लावतो." फोन ठेवल्याचा आवाज आला. लेखी आदेश अर्थातच आला नाही. मी सौम्य घेतलं नाही. सेक्रेटरींवर खोटा पुरावा तयार केल्याचं कलम लावलं आणि मुलीचं नाव वगळण्याचा अहवाल कोर्टात पाठवला. माझी बदली झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, एका अशा शाखेत जिथे फक्त पंखे फिरतात. मला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही.

बदलीच्या आधी एक काम झालं. मुलीला बोलावून मी सांगितलं, तुझं नाव निघालं, झाल्याबद्दल मला वाईट वाटतं.

"वाईट वाटलं ते तोंडी," ती म्हणाली. "उद्धट ते लेखी. मला तेही लेखी पाहिजे, साहेब."

माझ्या पूर्ण नोकरीत असं कुणी मागितलं नव्हतं. हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. मी स्टेशन डायरी मागवली आणि नवीन नोंद केली. 'मागील नोंदीत सदर महिलेस उद्धट म्हटले आहे. तिने दिलेली माहिती सुरुवातीपासून खरी होती. मी ती तपासली नाही. चूक माझी आहे.' खाली सही. तिनं ती नोंद उभ्यानं वाचली, शब्दन् शब्द. मग वडिलांसाठी प्रत मागितली आणि रीतसर अर्ज करून घेतलीसुद्धा. आठवड्याभरात संग्रहालयाच्या पडताळणीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. अभिप्रायाच्या रकान्यात आम्ही ठरलेलं एक वाक्य लिहितो, 'प्रतिकूल काही नाही.' मी ते खोडलं आणि लिहिलं, 'दबावाखाली खोट्या कागदावर सही करत नाही.' कारकून म्हणाला, साहेब, असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, आता लिहितात. ती आज त्या संग्रहालयात आहे.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. उलट उत्तर देणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं, एवढंच. तो बहुधा काहीतरी सांगत असतो आणि आपण त्याचा सूर तपासत बसतो. नम्र माणसांनी मला नोकरीत जितकं फसवलं, तितकं उद्धटांनी कधी फसवलं नाही. शिवाय तपासाला पायी जावं.

बाजार रिकामा करण्याविरुद्ध बायकांनी लावलेला दावा अजून चालू आहे. तारखा पडतात. बायका पाळीपाळीनं कोर्टात जातात आणि एकही ओटा रिकामा झालेला नाही. ती मुलगी अजूनही रविवारी फेऱ्या काढते. मी कधी कधी जातो आणि शेवटी चालतो, कारण गुडघे दुखतात.

घंटा परत टांगली त्या सकाळी मी हजर होतो, ती मुलगीही आली होती. मुद्देमालातला तो लोलक न काही कामाचा, न कुणी हक्क सांगितलेला, म्हणून कोर्टाच्या परवानगीनं मी तो बरोबर नेला होता. मावशीला म्हटलं, आता आहेच तर बसवून टाका आत. एवढी वर्षं वजन उचलताय, दोरी ओढली की काम होईल.

तिनं तो हातात घेतला, तोलून पाहिला आणि मला परत दिला.

"लोलक बसवला की कुनीबी वाजवेल. सेक्रेटरी वाजवेल, ठेकेदार वाजवेल, वारा सुटला तर वारापन वाजवेल," ती म्हणाली. "आमी वाजवू तवाच बाजार उघडनार. आनि बंद पन आमीच करनार."

मग तिनं किलोचं वजन उचललं आणि मुलीच्या हातात दिलं. सात वाजले होते.